फुलात लपलेला कोळी फोटोत का हरवतो?

पांढऱ्या शेवंतीवर एक मधमाशी होती. बसलेली नव्हती, लटकलेली होती. पाय हवेत, पंख अर्धवट उघडे, डोकं पाकळ्यांत खुपसलेलं. फुलावर आलेली मधमाशी अशी कधी स्वस्थ नसते. तिचं पोट सारखं हलत असतं, पाय परागांत चाचपडत असतात. ही मात्र ढिम्म. मी वाकून पाहिलं, मान जरा डावीकडे नेली, जरा उजवीकडे आणली, आणि पाकळ्यांतली एक पाकळी अचानक पाय झाली. मग दुसरा पाय दिसला. मग मोत्यासारखं गुळगुळीत पांढरं पोट. एका कोळ्यानं त्या मधमाशीला डोक्याच्या मागे, मानेपाशी धरून ठेवलं होतं आणि तो स्वतः फुलाचाच भाग असल्यासारखा बसला होता.

त्या दुपारी मी ४० फोटो काढले. संगणकावर उघडले तेव्हा प्रत्येकात फूल होतं, मधमाशी होती, कोळी मात्र जवळजवळ कुठेच नव्हता. तो जिथे असायला हवा तिथे एक पांढरा उंचवटा तेवढा दिसत होता. फोकस चुकला नव्हता, हात हलला नव्हता. समोर असताना इतका स्वच्छ दिसलेला कोळी गेला कुठे?

या प्रश्नाचं उत्तर कळलं तेव्हापासून माझे असे फोटो सुधारले, म्हणून आधी तेच सांगते. मी तो कोळी रंगावरून शोधलाच नव्हता. आपल्याला दोन डोळे असतात आणि ते एकाच वस्तूकडे जराशा वेगळ्या कोनांतून बघतात. शिवाय मान हलवली की जवळची वस्तू मागच्या वस्तूवरून सरकताना दिसते. पाकळीपासून दोन-तीन मिलिमीटर वर उचललेला पाय या सरकण्यामुळेच पाकळीपासून सुटा होतो. कॅमेऱ्याला एकच डोळा, आणि तोही क्षणभर उघडणारा. पांढऱ्यावर पांढरं आलं की त्याच्या लेखी तो सगळा एकच पृष्ठभाग. म्हणजे दोन डोळ्यांनी आणि हलत्या मानेनं जे काम केलं, ते फोटोत दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावं लागतं. ते काम मुख्यतः सावली करते. पुढचं बरंचसं या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

हा कोळी कोण?

फुलावर दबा धरून बसलेला कोळी बहुतेक वेळा खेकडा कोळी असतो. थोमिसिडी हे त्याचं कुळ आणि या कुळात २००० हून जास्त जाती आहेत. पुढच्या पायांच्या दोन जोड्या लांब, दणकट आणि बाजूंना फाकवलेल्या. चाल तिरकी, वेळ आली तर उलटीसुद्धा. नाव त्यावरूनच पडलं. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. रेशीम त्यांच्याकडे असतं, पण ते वापरतात पाय निसटला तर लटकायला दोर म्हणून आणि अंड्यांची पिशवी बांधायला. शिकार करायची ती पायांच्या मिठीत. फूल कीटकांना बोलावतं, कोळी वाट बघतो.

या कुळात सर्वांत जास्त अभ्यास झालेल्यांपैकी एक जात म्हणजे मिसुमेना व्हॅटिया. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बागांमध्ये ती आढळते आणि स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी १७५७ मध्ये तिचं वर्णन केलं. मादी ६ ते १० मिलिमीटरची, नर ३-४ मिलिमीटरचा. कधीकधी मादीच्या पाठीवर एक चिमुकला काटकुळा कोळी बसलेला दिसतो. ते पिल्लू नसतं, नर असतो. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या फुलांवर थोमिसस या वंशातले नातलग भेटतात. त्यांत पांढऱ्या आणि पिवळ्याबरोबर गुलाबी छटेचेही असतात.

मिसुमेनाची मादी पांढऱ्याची पिवळी होऊ शकते आणि पिवळ्याची परत पांढरी. हा बदल बघता बघता होत नाही. पांढऱ्यापासून पिवळं व्हायला साधारण १० ते २५ दिवस लागतात, परत पांढरं व्हायला ६ दिवसांच्या आसपास. कातडीखालच्या पेशींमध्ये पिवळी रंगद्रव्यं तयार होतात. त्यांच्या खालच्या थरात ग्वानिन या पदार्थाचे बारीक स्फटिक असतात. पेशींमध्ये पिवळं रंगद्रव्य नसेल तेव्हा या स्फटिकांवरून परतलेला प्रकाश आपल्यापर्यंत येतो आणि कोळी पांढरा दिसतो. पिवळं व्हायचं म्हणजे रंगद्रव्य नव्यानं तयार करायचं, म्हणून त्याला इतके दिवस. आपण कुठल्या रंगावर बसलो आहोत हे कोळ्याला डोळ्यांनी कळतं. प्रयोगात डोळे रंग लावून झाकले तेव्हा अंगाचा रंग बदलला नाही.

फोटो काढणाऱ्याला यातून एक संधी मिळते. पिवळ्या फुलावरून नुकतीच पांढऱ्या फुलावर आलेली मादी काही दिवस चुकीच्या रंगाची असते आणि लांबूनही उठून दिसते. या दिवसांत फोटो सोपे जातात. प्रकाश आणि फोकसचा सराव करायचा तर याच कोळ्यावर करावा, रंग जुळलेल्यावर नंतर.

लपतो नक्की कोणापासून?

हा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण नाही. आपल्याला पांढऱ्यावर पांढरा दिसला म्हणजे मधमाशीलाही तसाच दिसत असेल, असं आपण धरून चालतो. मधमाशीच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, आपल्यासारख्याच. पण त्या अतिनील, निळा आणि हिरवा यांच्यासाठी. लाल तिला दिसत नाही आणि आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. म्हणजे आपण ज्याला ‘पांढरं’ म्हणतो त्यातली काही पांढरी तिच्यासाठी वेगवेगळ्या रंगांची असतात.

२००२ मध्ये मार्क तेरी आणि जेरोम कासास या फ्रेंच संशोधकांनी थोमिसस ओनुस्टस या युरोपातल्या कोळ्याचा रंग मधमाशीच्या आणि पक्ष्याच्या अशा दोन्ही नजरांतून मोजून पाहिला. दोघांच्याही नजरेत तो आपल्या फुलाशी जुळत होता. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या थोमिसस स्पेक्टाबिलिस या कोळ्याबद्दल आस्ट्रिड हायलिंग, मारी हर्बरश्टाइन आणि लार्स चिटका यांचं काम प्रसिद्ध झालं. त्यात उलटंच निघालं. आपल्याला पांढऱ्या फुलावर दिसेनासा होणारा हा पांढरा कोळी अतिनील प्रकाश परत फेकतो, फूल तितका फेकत नाही. मधमाशीसाठी तो त्या फुलावर ठळक उठून दिसतो. आणि पाळीव मधमाश्या कोळी नसलेल्या फुलापेक्षा कोळी असलेल्या फुलाकडे जास्त ओढल्या गेल्या. एकाच वंशातले दोन कोळी, एक लपून शिकार करणारा आणि एक चमकून. मला हे वाचल्यापासून फुलावरच्या पांढऱ्या कोळ्याकडे पाहताना ‘लपलाय’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

आपला कॅमेरा यात मदत करत नाही, हेही लक्षात घ्यावं. नेहमीच्या भिंगांची काच आणि सेन्सरवरचा फिल्टर मिळून बहुतेक सगळा अतिनील प्रकाश अडवतात. फोटोत येतं ते माणसाच्या डोळ्याचं जग. मधमाशीची नजर टिपायची तर फिल्टर काढून बदल केलेला कॅमेरा आणि खास भिंग लागतं.

शोधायचा कसा?

फुलं बघत फिरलं तर कोळी दिसत नाही. चुकीची गोष्ट शोधावी लागते. हालचाल न करणारी मधमाशी किंवा वाऱ्यावरही पंख न सावरणारं फुलपाखरू ही सगळ्यात खात्रीची खूण. खेकडा कोळ्याचे जबडे लहान असतात, तो भक्ष्य चावून चुरत नाही. विष टोचतो, आतला भाग पातळ करून शोषून घेतो आणि बाहेरचं कवच जवळजवळ अखंड राहतं. म्हणून मेलेला कीटक जिवंत असल्यासारखा फुलावर दिसतो. धरलेल्या मधमाशीवर बारीक काळ्या माश्या घोंगावत असतील तर आणखी जवळून बघा. मिलिचिडी कुळातल्या काही माश्या कोळ्याच्या ताज्या शिकारीवर आयता रस प्यायला जमतात. सव्वा सेंटीमीटरच्या मधमाशीवर ओळीनं बसलेल्या दीड-दोन मिलिमीटरच्या माश्या, आणि खाली पाय आवळून बसलेला कोळी, हे दृश्य एकदा दिसलं की तासभर तिथून हलवत नाही.

दुसरी खूण पाकळ्यांची. डेझी, शेवंती, सूर्यफूल यांच्या पाकळ्या ठरावीक शिस्तीत असतात. त्या शिस्तीत कुठे एक जास्तीची, किंचित जाड, टोकाशी वाकलेली पाकळी दिसली तर तो पाय असू शकतो. फुलाच्या खालची बाजू आणि देठाजवळचा कोपराही पाहावा. कोळी सापडला की जागा नीट लक्षात ठेवावी, कारण चांगल्या फुलावर तो अनेकदा काही दिवस मुक्काम करतो. कीटकनाशक फवारलेल्या झाडांवर मात्र शोधण्यात अर्थ नाही.

सावली

फुलांचे फोटो ढगाळ दिवशी काढावेत असं सगळे सांगतात. फुलांपुरतं ते खरं आहे. रंग जुळलेल्या कोळ्यासाठी तोच प्रकाश घात करतो. ढगाळ आकाशातून उजेड सगळीकडून सारखा येतो, कशाचीच सावली पडत नाही, आणि सावलीच नसेल तर पांढऱ्या पाकळीवरचा पांढरा पाय दिसणार कशाच्या आधारानं? शेवंतीवरचे माझे ते ४० फोटो ढगाळ दुपारचे होते.

मग कडक ऊन? त्यात सावली पडते, पण ती काळीभोर, आणि उजळ भाग जळून पांढराफटक होतो. हवा असतो तो मधला प्रकाश: मऊ, पण एका बाजूनं येणारा. सूर्य खाली असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, वर तोंड केलेल्या फुलावर प्रकाश आडवा पडतो. कोळ्याच्या प्रत्येक पायाची एक बारीक करडी रेघ पाकळीवर उमटते. पायाला कड मिळते ती या रेघेमुळे. भर दुपारी तीच सावली बरोबर अंगाखाली जाते आणि दिसत नाही.

ऊन तीव्र असेल तर सूर्याच्या बाजूला ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर धरावा. फक्त त्याच बाजूला. सगळीकडून झाकलं तर परत ढगाळ दिवस तयार होतो. आणि यापुढची युक्ती मला फार उशिरा कळली: उलट्या बाजूला काळा कागद धरा. पांढऱ्या पाकळ्या स्वतःच आरशासारखं काम करतात, एकमेकींवरचा उजेड सावल्यांत ओततात आणि सावली फिकी पडते. काळा कागद तो परतलेला उजेड शोषून घेतो. तळहाताएवढा तुकडा पुरतो. तो आत सरकवत नेताना व्ह्यूफाइंडरमधून बघत राहिलं तर पाकळीतून कोळी हळूहळू वर येताना दिसतो.

फ्लॅश वापरायचा असेल तर हाच हिशेब. भिंगाच्या अगदी वर, समोरून मारलेला फ्लॅश सगळं सपाट करतो. फ्लॅश बाजूला नेऊन त्याच्यासमोर मोठा डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, लावावा. प्रकाश किती मऊ होईल हे डिफ्यूझरचा आकार आणि फुलापासूनचं त्याचं अंतर यांवर ठरतं, म्हणून तो जितका जवळ तितका चांगला. मात्र फ्लॅशचा उजेड फुलामागे लगेच संपतो, पार्श्वभूमी काळी पडते आणि दिवसाचं फूल रात्रीचं वाटतं. आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवून मागचा नैसर्गिक उजेड थोडा येऊ द्यावा.

पातळ पाकळी असेल तर आणखी एक दृश्य करून बघण्यासारखं आहे. कोळी पाकळीच्या वर, सूर्य त्याच्या मागे आणि आपण पाकळीच्या खाली. पाकळीतून उजेड झिरपतो, कोळ्याच्या अंगातून तितका येत नाही. आठही पाय पाकळीवर रेखाटल्यासारखे उमटतात.

आता एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो ते, कारण इथे चुकलं तर वरची सगळी मेहनत वाया जाते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे असं धरतो. चौकट पांढऱ्या पाकळ्यांनी भरली तर तो त्यांना करडं करतो, मग एक्स्पोजर एखाद्या स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावं लागतं. पण तेच फूल गडद पानांमध्ये छोटंसं दिसत असेल तर मीटर पानांकडे बघून उजेड वाढवतो आणि फूल जळतं. तेव्हा कमी करावं लागतं. ‘पांढऱ्यासाठी नेहमी वाढवा’ हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे.

जळणं इतकं महागात का पडतं हे आकड्यांत बघू. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्या पायऱ्या असतात. समजा पाकळी २३८ वर आहे आणि कोळ्याचं पोट २३० वर. त्यांच्यात फरक फक्त ८ पायऱ्यांचा, आणि आपला अख्खा कोळी त्या ८ पायऱ्यांत राहतो. एक्स्पोजर जरा जास्त झालं की दोघंही २५५ ला टेकतात. तिथून परत आणायला काही उरत नाही. म्हणून अशा वेळी मी रॉ फाइलमध्ये (सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या नोंदीत), अर्धा स्टॉप कमी ठेवून काढते. नंतर उजळवता येतं.

पिवळ्या फुलाचा त्रास वेगळा. फोटोत पिवळं म्हणजे भरपूर लाल आणि भरपूर हिरवा, निळा नगण्य. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम, म्हणजे आलेख, ठीक दिसतो आणि आत लाल रंग मात्र टोकाला जाऊन कापला गेलेला असतो. मग झेंडूवरचा पिवळा कोळी आणि झेंडू यांचा एकच सपाट पिवळा डाग होतो. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू ठेवावी. रंगांचा तोल आपोआप सुधारणारा ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद करावा, कारण चौकटभर पिवळं दिसलं की तो त्याला दोष समजून निळ्याकडे ढकलू शकतो.

फोकस, आणि किती फोकस

मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोत, १:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. ८ मिलिमीटरचा कोळी सेन्सरवर ८ मिलिमीटर जागा घेतो. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, म्हणजे चौकटीचा जेमतेम पाव भाग. बाकीच्यात फूल मावतं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

पण या अंतरावर स्पष्ट दिसणारा पट्टा भलताच अरुंद होतो. फुल फ्रेमवर १:१ ला, ॲपर्चर म्हणजे भिंगाचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी तो जेमतेम १.३ मिलिमीटर. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पोटाचं टोक धूसर, पोट साधलं तर डोळे गेले. ॲपर्चर आणखी बारीक करावं तर १:१ ला एफ/११ हे परिणामानं एफ/२२ सारखंच वागतं. त्यापुढे गेलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ होत जातं. ज्या पांढऱ्या केसांच्या आणि बारीक सुरकुत्यांच्या जोरावर कोळी पाकळीपासून वेगळा ओळखू येतो, तेच पुसले जातात. मी एफ/११ च्या पुढे सहसा जात नाही.

ऑटोफोकस इथे चाचपडत राहतो. त्याला पकडायला उजेड-अंधाराची कड लागते आणि कोळ्यानं नेमकी तीच घालवलेली असते. मॅन्युअल फोकसवर जावं, भिंग हव्या त्या मोठेपणाला स्थिर करावं आणि कॅमेऱ्यासकट स्वतः मिलिमीटरभर पुढे-मागे झुलत डोळे धारदार दिसले की शटर दाबावं. खेकडा कोळ्याला आठ डोळे असतात, चार-चारच्या दोन ओळींत, टाचणीच्या टोकापेक्षा लहान. थोमिससच्या डोळ्यांजवळ शिंगासारखे उंचवटे असतात, ते पकडायला सोपे. एका दमात पाच-सात फोटो घेतले तर एखादा लागतो.

दबा धरलेला कोळी बराच वेळ हलत नाही, म्हणून फोकस स्टॅकिंग करायची इच्छा होते: थोडा थोडा फोकस सरकवत १०-२० फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरनं जोडायचे. वारा नसेल तर उत्तम जमतं. पण एक गोष्ट सांभाळावी. पुढच्या पायापासून मागच्या शेवटच्या पाकळीपर्यंत सगळं धारदार केलं की कोळी पुन्हा फुलात मिसळतो. सावलीनंतर कोळ्याला वेगळं काढणारी दुसरी गोष्ट म्हणजे मागचा धूसरपणा. डोळ्यांपासून पोटापर्यंत जोडावं आणि मागच्या पाकळ्या तशाच मऊ राहू द्याव्यात.

कॅमेरा कुठल्या उंचीवर आहे यानंही मोठा फरक पडतो. वरून पाहिलं तर कोळ्यामागे पाकळी असते. कॅमेरा फुलाच्या पातळीवर आणला तर कोळ्याची पाठ आणि पसरलेले पाय पाकळीच्या कडेवरून वर येतात आणि मागे हिरवं असतं. गुडघे टेकावे लागतात, कधी जमिनीवर आडवंही व्हावं लागतं.

फोनवरही हे काम होतं. मॅक्रो मोडमध्ये बरेच फोन वाइड कॅमेऱ्यानं दोन-तीन सेंटीमीटरवरून फोटो घेतात. इतकं जवळ गेलं की फोनचीच सावली फुलावर पडते आणि फुलाला धक्का लागतो. क्लिपचं मॅक्रो भिंग चांगल्या प्रतीचं असेल तर ते मुख्य किंवा टेली कॅमेऱ्यावर लावून थोडं लांबून घेतलेला फोटो बरा येतो. कोळ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावं, मग उजेड थोडा खाली ओढावा. एचडीआर शक्य असेल तर बंद ठेवावा. तो सावल्या उजळवतो, आणि आपण इतका वेळ त्या सावलीसाठीच धडपडतो आहोत.

जवळ जाताना

खेकडा कोळ्याला माणसाचा आवाज फारसा खटकत नाही, देठाचा कंप खटकतो. झाडाला स्पर्श न करता, आपली सावली त्याच्यावर पडू न देता, हळू पुढे जावं. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगानं १:१ ला भिंगाचं टोक आणि कोळी यांत साधारण १३-१५ सेंटीमीटर अंतर राहतं, तेवढं दोघांनाही सोयीचं. त्यानं पुढचे पाय वर उचलले तर थांबावं. तो इशारा आहे. त्यापुढे गेलं की तो तिरका सरकत फुलाच्या मागे जातो, नाहीतर धाग्यावरून खाली सुटतो. मागे गेला असेल तर दुसरा हात फुलाच्या मागून हळूच जवळ आणावा. हातापासून दूर जायचं म्हणून तो बरेचदा परत पुढच्या बाजूला येतो. एकदा, फार तर दोनदा. त्यापेक्षा जास्त म्हणजे छळ.

कोळ्याला थंड करून सुस्त करणं, सुंदर दिसतं म्हणून दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवणं, फूल तोडून घरात आणणं, हे मी करत नाही आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं. पांढरी मादी लाल फुलावर ठेवली तर फोटो झकास येतो, पण तो खोटा असतो. तिनं दिवसेंदिवस खर्चून जुळवलेला रंग आपण पाच मिनिटांत निकामी केलेला असतो. शिकार धरलेला कोळी त्या मानानं निश्चिंत असतो, खाणं बराच वेळ चालतं, तेव्हा मनासारखं काम करता येतं. त्याची भीती बाळगायचं कारण नाही. माणसाला इजा करण्याइतका तो धोकादायक नाही.

चौकटीत कोळी किती मोठा ठेवायचा, यावर माझं मत पक्कं आहे. चेहरा चौकटभर आला की आठ डोळे दिसतात, पण लपणं संपतं. तो मग कुठल्याही फुलावरचा कुठलाही कोळी होतो. मला तो फोटो आवडतो ज्यात आधी फूल दिसतं आणि मग, दोन सेकंदांनी, पाय. म्हणून जवळचा एक आणि लांबचा एक असे दोन्ही घेते, आणि ठेवते बहुधा लांबचा.

शेवंतीवरच्या त्या मादीकडे मी नंतर रोज जात राहिले. व्हाइट बॅलन्स तोच, वेळ तीच, फुलाशेजारी करड्या कागदाचा तुकडा धरलेला; एवढं सारखं ठेवलं तरच दिवसागणिक बदललेला रंग मोजता येतो, नाहीतर बदलला कोळी की कॅमेरा हे कळत नाही. तिचं पोट फुगत गेलं. एका सकाळी फुलावर ती नव्हती. दोन वीत खाली, त्याच झाडाचं एक पान कडेनं दुमडून रेशमानं शिवलेलं होतं. आत अंड्यांची पांढरी पिशवी आणि तिला पाय टेकून बसलेली मादी. पोट आक्रसून अर्ध्यावर आलेलं. पांढरा कोळी हिरव्या पानावर, आता अगदी स्वच्छ दिसत होता. मी लांबूनच एक फोटो घेतला, पान न उघडता.